कर्लीच्या खाडीत एकटी

मागच्या पावसाळ्यात आई गेली आणि रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या घरात मी एकटी उरले. लग्न केलं नाही, त्यामुळे 'उरले' हाच शब्द बरोबर आहे. धाकटा भाऊ मुन्ना तेलीबांध्याला राहतो, तलावासमोरच्या उंच बिल्डिंगमध्ये. पंडरीत त्याचं कपड्याचं ठोक दुकान आहे. दिवाळी झाल्याबरोबर तो आला, सोफ्याच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "दीदी, ये घर बंद करो और हमारे यहाँ आ जाओ. अकेले कैसे रहोगी?"

प्रश्नापेक्षा मला त्याची हिंदी जास्त लागली. आई होती तोवर आम्ही तिघं मराठीच बोलायचो. आमची ती रायपूरची मराठी, मले-तुले वाली. मुन्नाची बायको बिलासपूरची, तिच्या माहेरी हिंदी. पोरगी पिहू मराठी समजते सगळं, पण उत्तर देते हिंदीत. दुकानातही दिवसभर हिंदीच. पण आईच्या खोलीत आला की मुन्ना चप्पल काढता काढताच मराठीत सुरू व्हायचा. आई गेली आणि तेही गेलं. मी मराठीत विचारायची, तो हिंदीत सांगायचा. मीही मग जिद्द सोडली. स्वतःच्या घरात मराठीत भांडायलासुद्धा कोणी नसणं काय असतं, ते ज्याचं त्याला कळतं.

मी म्हटलं, "डिसेंबरच्या सुट्टीत जरा फिरून येते. आल्यावर हो का नाही ते सांगते."

ती सहल खरं तर पिहूची. तिनं मोबाइलवर दाखवलं होतं: कोकणात देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या संथ पाण्यात कयाक नावाची छोटी नाव वल्हवायची. "बुआ, बिलकुल शांत पानी है, पहली बार वालों के लिए ही है." दोघींचं बुकिंग झालं आणि तिला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. "आप चली जाओ ना बुआ, प्लीज." मला पोहता येत नाही. तरी गेले. मनात दोन गोष्टी होत्या. एक, तिथे पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे मराठी बोलतात. आणि दुसरी, एवढे दिवस परक्या गावात एकटीनं निभलं, तर घरातही निभेल. मुन्नाला 'नाही येत' म्हणायला तोंड राहील.

देवबाग

दोन रेल्वेगाड्यांचं काही सांगत नाही, अंग आंबलं एवढंच. कुडाळला उतरून रिक्षानं देवबागला पोचले. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला नदी आणि मधे माडांची एवढीशी पट्टी. त्या पट्टीवर लोक घरं बांधून, अंगणात मिरच्या वाळत घालून निवांत राहतात. आमच्याकडे समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. मी सरकारी शाळेत भूगोल शिकवते, हिंदीतून, त्यामुळे तो निळा रंग मी पुष्कळ भरून घेतलाय पोरांकडून.

घरमालक विलास, मिशीवाला, पन्नाशीचा. कयाकही त्याच्याच. त्याची बायको सगळ्या पाहुण्यांची वहिनी. मी रिक्षातून उतरताच तिनं माझ्यामागे पाहिलं, दुसरं कोणी उतरतंय का म्हणून. "एकट्याच?" मी हो म्हटलं. "बरं बरं," असं ती म्हणाली, म्हणजे बरं वाटलं नव्हतं.

जेवायला ओसरीवर एक लांब टेबल होतं. पुण्याचं एक तरुण जोडपं आधीच बसलेलं. मी मोठ्या हौसेनं सुरुवात केली, "मले सांगा, ही सोलकढी आधी पितात का नंतर?" त्या मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गोड हसून म्हणाली, "आंटी, आप कभी भी पी सकती हैं."

मी म्हटलं, "मी मराठीच आहे न. रायपूरची."

"अरे वा! आपकी मराठी बहुत अच्छी है!"

घ्या! माझ्या पणजोबांचे पणजोबा नागपूरकर भोसल्यांच्या लष्करासोबत तिकडे आले, आणि ही पोट्टी मला शाबासकी देऊन राहिली. तिला वाईट हेतू नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. पण भूकच मेली. दोन दिवस रेल्वेत बसून मी ज्याच्यासाठी आले होते, ते पहिल्या घासालाच हातचं गेलं.

भात मात्र खाल्ला. आम्ही छत्तीसगढचे, भाताला नावं ठेवायचा आमचा हक्कच आहे. लाल, जाडाभरडा उकडा तांदूळ होता. आमच्या गावाकडे उसना खातात तसाच, फक्त थोडा तोऱ्यातला. त्यावर बांगड्याचं तिखलं. रायपूरला मासा म्हणजे तलावातली रोहू, तिला मातीचा वास येतो असं इथे सांगितलं तर वहिनी म्हणाली, "मग खाता कशाला?" मराठीत म्हणाली. तेवढ्यावर मी खूश झाले आणि परत भात घेतला.

पहिल्या दिवशी, दोघांच्या नावेत

सकाळी विलासनं आम्हाला किनाऱ्यावर उभं करून वल्हं कसं धरायचं ते शिकवलं. दोन्ही टोकांना पातं असलेलं हे वल्हं खांद्याएवढ्या अंतरावर धरायचं, हातानं नाही तर कंबरेतून फिरायचं. उजवीकडे मारलं की नाव डावीकडे वळते. उलटलात तर घाबरायचं नाही, जॅकेट वर ठेवतं. पुण्याचं जोडपं एका कयाकमध्ये बसलं. माझ्या वेळेला विलासनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "पहिल्यांदा एकट्यानं सोडत नाही आम्ही. जोडीदार लागतो. चला, मी बसतो मागे."

बसताना मी अशी काही बसले की नावेचं टोक पाठीमागे आणि माझं तोंड विलासकडे. दोघं समोरासमोर, लग्नातल्या फोटोसारखे. तो गंभीरपणे म्हणाला, "ताई, आपल्याला त्या बाजूला जायचंय." वळताना एक चप्पल पाण्यात पडली आणि आपल्या आपण निघून गेली. पुण्याच्या पोट्टीनं ती वल्ह्यानं अडवून आणून दिली, त्यामुळे तिच्यावरचा राग मला सोडून द्यावा लागला.

पाणी खरंच शांत होतं. काठाला खारफुटीची झाडं, त्यांची मुळं पाण्याच्या वर निघालेली. एक खंड्या तारेवरून पाण्यात पडायचा आणि परत तारेवर. पुढे बसणाऱ्यानं लय धरायची असते, मागचा ती सांभाळतो. मी लय चुकवत होते आणि विलास मुकाट्यानं सांभाळत होता. मधेच गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत फोन वाजला. मुन्ना, व्हिडिओवर. "दीदी, जैकेट पहना है ना? वो आदमी कौन है पीछे?" विलासनं वल्हं वर करून नमस्कार केला. मुन्नानं फोन डोळ्यांजवळ नेला. दुकानात होता, मागे कपड्याच्या गाठी दिसत होत्या. "पानी अच्छा है," म्हणाला आणि ठेवला.

मला हसू आलं, पण त्या दिवशी पुष्कळदा मनात आलं, की सगळं दोनचं आहे. दोनची नाव, दोनची खोली, ताटात मासेसुद्धा दोन. आणि माझ्या मागे जो बसलाय तो सोबतीला नाही, नियम म्हणून बसलाय.

दुसऱ्या दिवशी, एकटी

दुसऱ्या सकाळी मी हट्ट धरला, एकटीच्या नावेत बसणार. विलासनं थोडा वेळ काठाशी फेऱ्या मारायला लावल्या, मग मान हलवली. "ते समोरचं बेट दिसतं ना, तिथपर्यंतच. आणि पाण्याकडे लक्ष ठेवा, भरतीचं आहे." मी शाळेतली पोरं हलवतात तशी मान हलवली. फोन मुद्दाम खोलीत ठेवला होता. आज कोणाची चौकशी नको होती मला.

आता माझं शहाणपण ऐका. बाबा सिंचन खात्यात होते, धमतरीला. महानदीत त्यांच्यासोबत आम्ही डोंग्यातून फिरलो आहोत. त्यांनी शिकवलेलं: आधी धारेच्या विरुद्ध, वर जायचं, अंगात ताकद असते तोवर. थकलं की नदी आपोआप खाली घरी आणते. आमच्याकडच्या कोणालाही विचारा, महानदी असो का खारून, हेच सांगेल. तेव्हा बेटाजवळ आल्यावर मी विचार केला, समुद्राकडे नको, तिकडे वाहत गेलो तर संपलंच. वर जावं. येताना सोपं जाईल.

वर निघाले आणि काय सांगू, नाव अशी पळायला लागली! दोन वल्ही मारली की माड मागे, दोन मारली की दुसरा माड मागे. मला वाटलं, कालच्या एका दिवसात हात बसला. कंबरेतून वळायचं ते जमलं. दंडावर हात फिरवून पाहिला मी, खोटं कशाला सांगू. बेट केव्हाच मागे पडलं. धारेविरुद्ध ही गत, तर येताना काय होईल! आणि मनातल्या मनात मी मुन्नाशी बोलून राहिले होते. हे पहा मुन्ना, मी नाही येत. मले काही कठीण नाही. आपलं आपण होते सगळं.

थकल्यावर तोंड फिरवलं. वल्हं मारलं. काठावर एक वाकडा माड होता, तो शेजारीच राहिला. आणखी मारलं. माड तिथेच. जीव खाऊन मारलं तेव्हा माड एक हातभर मागे गेला, आणि श्वास घ्यायला थांबले तर सरकत परत शेजारी आला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. भरती! समुद्राचं पाणी नदीत शिरतं आणि नदी उलटी, डोंगराकडे वाहते. ज्वार-भाटा! इतकी वर्षं मी फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, बाण काढले, परीक्षेत पाच मार्कांना विचारला. पण आमच्या रायपूरच्या डोक्यात नदी एकाच दिशेला वाहते, त्याला काय करणार? ती माझी ताकद नव्हतीच. समुद्र ढकलत होता आणि मी फुशारत होते.

पुष्कळ वेळ झगडले. तळहाताला फोड आले, मग फुटले. खारं पाणी लागून असे झोंबले की डोळ्यांत पाणी आलं. शेवटी खारफुटीत शिरून एक फांदी धरली आणि बसले. फांदी सोडली असती तर आणखी वर गेले असते, कुठे ते माहीत नाही. आजूबाजूला माणूस नाही. कोणी मला शोधत नव्हतं, कारण मी बेटाच्या पुढे गेलेय हेच कोणाला माहीत नव्हतं. आणि तेव्हा मी रडले. आई गेली तेव्हा लोक होते घरात, चहा करावा लागत होता, रडणं राहून गेलं होतं. आता भरपूर वेळ होता.

"आई," मी मोठ्यानं म्हटलं, "पहा न वो, कशी फसली मी. कोणाले सांगू? कोणी नाही न आता सांगाले. तू काहून गेली? मले काही करमत नाही तुझ्याशिवाय. मुन्नाही बोलत नाही. सगळे हिंदीत बोलून राहिले माझ्याशी, इथे येऊनही हिंदीतच..."

"कोणाशी बोलतंस गो?"

मी दचकले आणि फांदीच सुटली. पाच-सहा हातांवर, झाडांच्या पलीकडे, एक म्हातारी बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. लुगडं खोचलेलं, हातात ओली झावळी. विणायच्या आधी नारळाच्या झावळ्या पाण्यात भिजत घालतात, त्या काढायला ती आली होती. तिनं तीच झावळी पुढे केली. मी धरली. तिनं ओढून मला काठाला लावलं.

"कोणाशी नाही," मी म्हटलं. "अशीच. पाणी जाऊ देत नाही मले."

"जाऊक देतला कसा? भरता आसा. बस हंय. भरान झाला काय आपसूक फिरतला."

तिचं घर मागेच होतं. पायरीवर बसवलं, हाताला खोबरेल लावलं, वाटीत पेज आणि वर आंब्याचं लोणचं दिलं. कोमट, खारट पेज. आमच्याकडे उन्हाळ्यात बासी खातात, रात्रीचा भात पाण्यात घालून, तिची ही मावसबहीणच. मी तसं सांगितलं. कसा घालता, कांदा घेता काय, मिरची घेता काय, सगळं तिनं विचारून घेतलं. सांगता सांगता मला एकदम लक्षात आलं, की ही बाई हिंदीत बोलत नाहीये. मी मले म्हणते, ती माका म्हणते, मी काहून विचारते, ती कित्याक म्हणते, आणि दोघींचं चाललंय.

"तुजी बोली येगळीच आसा," ती मधेच म्हणाली.

मी मनात म्हटलं, आता ही पण.

"बोल, बोल," ती म्हणाली. "बरी वाटता ऐकूक." आणि झावळीची पाती एकीखालून एक घालत विणायला बसली.

मग मी बोलले. आईबद्दल बोलले, शाळेबद्दल, मुन्ना बोलावतोय त्याबद्दल. तिनं एकदाही असं कर, तसं कर म्हटलं नाही. "भावाक किती पोरां?" एवढंच विचारलं. तिची माणसं मुंबईला होती, गणपतीला येत. ती त्याबद्दल फार बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. एक झाप विणून झाला, दुसरा सुरू झाला. पाण्यावरची पानं आधी वर जात होती, मग एका जागी गोल फिरायला लागली, आणि मग हळूच समुद्राकडे निघाली.

"जा आता," ती म्हणाली.

तिनं कयाक ढकलून दिली, पण मी तिचं नाव विचारायचंच विसरले. याचं मला अजून वाईट वाटतं.

खाली येताना फारसं वल्हवावं लागलं नाही. बाबा म्हणायचे तसंच झालं, फक्त वेळ चुकीची होती. बेटाच्या अलीकडे विलास कयाक मारत समोरून आला. घामानं निथळत होता. "ताई!" एवढंच ओरडला, आणि मग जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. अस्सल मराठीत बोलला. मी सगळं ऐकून घेतलं आणि माफी मागितली. हात इतके दुखत होते की रात्री जेवताना पुण्याच्या पोट्टीनं माझ्या माशाचे काटे काढून दिले.

राहिलेले दिवस मी बेटाच्या पुढे गेले नाही. पण उत्तर माझ्याजवळ होतं. एकटीनं राहायला कठीण जाईल. रडायला येईल, भिंतींशी बोलावं लागेल. तरी राहता येईल, आणि माझ्या घरात राहता येईल.

रायपूर

स्टेशनवर मुन्ना आला होता. बॅग घेतली, हाताच्या पट्ट्या पाहिल्या. "ये क्या कर लिया दीदी?" गाडीत मी त्याला सगळं सांगितलं, भरती, माड, फांदी, पेज. मराठीत सांगितलं, सवयीनं. तो मधे मधे हसला. तेलीबांध्याकडे जायचा फाटा आला तसं मी म्हटलं, "घरी सोड मले. माझ्या घरी. मी विचार केला मुन्ना, मी नाही येत तुझ्याकडे. तुमची मेहरबानी आहे, पण मले जमते. नको काळजी करू."

त्यानं गाडी बाजूला घेतली. मागचे हॉर्न वाजवत होते. त्याचे हात स्टेअरिंगवरच होते.

"मेहरबानी कायची?" तो म्हणाला. मराठीत.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"तुले काय वाटलं, तुझ्यासाठी बोलावून राहिलो होतो मी? मले माहीत होतं तुले जमते. तुले सगळं जमते." त्यानं मागच्यांना हातानं पुढे जायची खूण केली. "दुकानात हिंदी. घरी हिंदी. पोरगी समजते, बोलत नाही. आई गेली त्या दिवसापासून मी मराठीत एक शब्द बोललो नाही, ताई. तुझ्याशी बोलाले गेलो की आईचा आवाज येते, मंग नाही बोलता येत. मले वाटलं, तू घरातच राहाले आली तर हळूहळू जमते का पाहू."

मी इतके महिने समजत होते की त्यानं टाकून दिलं. माझ्यासारखाच तोही फांदी धरून बसला होता, भरल्या घरात, आणि माझ्या डोळ्यांसमोर. मी त्याच्या दंडावर हात ठेवला. पट्टी टोचली त्याला, पण त्यानं हात काढला नाही.

"मी नाही येत," मी म्हटलं. "तू ये. रोज दुकान बंद केलं की पहिले माझ्याकडे. मंग जा घरी. आईच्या खोलीतच बसू. नाही बोलता आलं तं नको बोलू, मी बोलीन."

त्यानं डोळे पुसले, गिअर टाकला आणि गाडी चौबे कॉलोनीकडे वळवली.

"आज काय करशीन जेवाले?" त्यानं विचारलं.